विकत घेतलेली घोळ

मागच्या पावसाळ्यात लेकीनं बेंगळुरूहून कुरिअरनं एक खोकं पाठवलं. खोकं हातभर, आत कागदाचे बोळे, त्या बोळ्यांत तळहाताएवढं पाकीट, आणि पाकिटावर गुबगुबीत हिरव्या पानांचा चकचकीत फोटो, खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत पर्सलेन. किंमत 149 रुपये. आत चिमूटभर काळं बी, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, शिंक आली तर पाकीट रिकामं व्हायचं. मागोमाग तिचा फोन, बाबा गच्चीवर लावा हां, सुपरफूड आहे, ओमेगा थ्री असतं त्यात, तुम्ही मासे कमी केलेत ना. मी चष्मा लावून फोटो बघितला, परत बघितला आणि आईला हाक मारली.

आई 84 वर्षांची आहे. पाकीट तिनं डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून बघितलं, म्हणाली, "घोळ ही." आणि जरा थांबून, "ह्येचं बी इकत घेतली काय पोरगी?"

पदर तोंडाला लावून हसत बसली मग, बराच वेळ. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्याच वेळी गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत, कुणी न बोलावता, चांगली वीतभर घोळ पसरलेली होती आणि मी ती आदल्या रविवारीच उपटून कोपऱ्यात टाकली होती. टाकली म्हणजे संपली असं नाही, ती तिथंच फरशीवर पडल्या पडल्या फुलत होती, पण त्याचं पुढं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोळ म्हणजे जमिनीसरशी पसरणारी, तांबूस देठांची, जाड मऊ रसरशीत पानांची रानभाजी. पानं चमच्यासारखी, टोकाकडं गोल. पिवळं इवलंसं फूल, तेही ऊन पडल्यावर सकाळी दोन-चार तास उघडतं आणि दुपारी मिटतं. फळ म्हणजे एक डबी, पिकली की वरचं झाकण निघून पडतं आणि बी सांडतं. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरासिया. हिची एक बारीक पानांची बहीण आहे, तिला मराठवाडा-विदर्भाकडं चिवळ म्हणतात. आमच्या बेळगावकडं कानडी शेजारणी गोळी पल्ले म्हणतात, आम्ही घोळ म्हणतो, आणि बाजारात दोघीजणी एकाच वाट्याला हात घालतात, सीमाभागात एवढ्या एका घोळावर तरी कुणाची हरकत नाही.

इंटरनेटवर नुसतं घोळ म्हणून शोधायला जाऊ नका मात्र. मी गेलो. पहिल्यांदा घोळ नावाचा मासा आला, समुद्रातला, लाखात किंमत जाणारा, मग कुठल्या तरी मतदार यादीतला घोळ आला, आणि खाली कुठंतरी ही बिचारी. लेकीच्या ओमेगा थ्रीवरून मला आधी वाटलं पोरीनं माशाचं वाचलंय आणि बी भाजीचं मागवलंय, म्हणजे घोळात घोळ. पण तसं नव्हतं, तिचं बरोबर होतं. निदान निम्मं तरी.

आमचं शिवार बेळगावजवळ येळ्ळूरला, राजहंसगडाच्या पायथ्याकडं. भाताच्या चिखलात घोळ येत नाही, ती येणार भुईमुगात, मिरचीत, बटाट्याच्या सरीत, म्हणजे जिथं बायका भांगलायला बसतात तिथं. आमची जमीन थोडी, म्हणून आई दुसऱ्यांच्यात रोजानं भांगलायला जायची. दिवसभर खुरपं चालवायचं, तण काढून बांधावर टाकायचं, आणि संध्याकाळी उठताना त्याच तणातली कोवळी घोळ निवडून ओटीत भरायची. मालकाची ना नसायची, तण नेलं म्हणून कोण कशाला ओरडेल. घरी आणली की तीन पाण्यांनी धुवायची, तरी एखाद्या घासाला दाताखाली तांबडी माती कचकन लागायचीच, घोळीचं हेच एक वाईट, जमिनीला चिकटून वाढती ना. भरपूर लसूण, हिरवी मिरची, मूठभर मुगाची डाळ आणि घोळ. नाहीतर ताकात चण्याचं पीठ कालवून त्यात घोळ, वर शेंगदाणे असले तर असले. जोंधळ्याची भाकरी. आमच्यात पाहुणा आला की मात्र ही भाजी चुलीवरून खाली उतरायची आणि बटाटा चढायचा, हे मला लहानपणीच कळलं होतं. शाळेत डबा उघडला की एकजण म्हणायचाच, तण खाऊलास गा. मी डबा आडोशाला नेऊन खायचो. नंतर नोकरी लागली, टिळकवाडीत घर झालं आणि घोळ आपोआप सुटली, कुणी ठरवून सोडली नाही. मेथी, पालक, शेपू, मोठ्या गाडीतनं आलेली फ्लॉवर, एवढ्यावर 30 वर्षं निघून गेली.

तर ओमेगा थ्रीचं. 1986 साली अमेरिकेतल्या डॉ. आर्टेमिस सिमोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिहिलं की जमिनीवरच्या ह्या पालेभाजीत ओमेगा थ्री जातीचं मेदाम्ल आहे. बाई मूळच्या ग्रीसच्या. त्यांची कोंबड्यांची गोष्ट मला फार आवडली. ग्रीसमधल्या एका मळ्यावरच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या घोळ टिपून खायच्या आणि त्यांच्या अंड्यांच्या बलकात ओमेगा थ्री दुकानातल्या अंड्यांपेक्षा खूपच जास्त निघालं, ते 1989 मध्ये छापून आलं. आमच्या परसातल्या कोंबड्याही घोळ खायच्या, आई म्हणायची घोळ खाल्ली की बलक तांबडा होतो, आम्हाला तांबड्या बलकाचा आनंद, पुढं त्यात काय आहे ते कोण बघतंय. आणि तसंही अंडी घरात कमीच राहायची, बाजारात जायची.

पुढं 1992 साली सिमोपोलसबाईंनी दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर नीट मोजमाप केलं, ताज्या 100 ग्रॅम पानांत 300 ते 400 मिलिग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल (म्हणजे तेच ओमेगा थ्री), 12.2 मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, साधारण 26 मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व, शिवाय बीटा कॅरोटीन आणि ग्लुटाथायोन नावाचं अँटिऑक्सिडंट. पालकाशी तुलना केली तर ई जीवनसत्त्व सातपट. बाकी 93 टक्के पाणीच, कॅलऱ्या 100 ग्रॅमला 20 च्या आसपास, पोटॅशियम जवळजवळ 500 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 68, लोह 2 च्या आसपास. देठाचा तांबूस रंग बीटरूटमध्ये असतो त्याच जातीच्या रंगद्रव्याचा, बीटालेनचा. आणि शिजल्यावर जो किंचित बुळबुळीतपणा येतो तो पानांतल्या चिकट द्रवाचा, तो आतड्याला चांगला म्हणतात, मला खायलाच आवडत नाही तो, म्हणून मी तेलावर जरा परतून घेतो.

आता हे सगळे आकडे वाचून माझी छाती फुगली हे कबूल करतो. लहानपणी आडोशाला खाल्लेल्या डब्यात हे सगळं होतं! त्या तण म्हणणाऱ्या पोराचा नंबर असता तर फोन करून आकडे वाचून दाखवले असते. पण दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर हिशेब मांडला आणि थोडी हवा गेली. 400 मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. पुरुषाला रोज दीडेक ग्रॅम तरी लागतं म्हणतात. आणि वनस्पतीतलं हे ओमेगा थ्री म्हणजे बांगड्यातलं नव्हे, माशात असतात ते ईपीए आणि डीएचए, आपल्या शरीराला लिनोलेनिकपासून ते बनवता येतात पण फार थोडे. म्हणजे बांगड्याऐवजी घोळ हे गणित काही बसत नाही, लेकीला तसं सांगितलं तर ती म्हणाली बाबा तुम्ही प्रत्येक गोष्टीत पाणी घालता.

आणि खरी गोष्ट तर पुढंच आहे. आपल्या इकडं भाकरीबरोबर जवसाची चटणी असते की नाही, कानडीत अगशी म्हणतात ती? जवसाच्या 100 ग्रॅममध्ये हेच आम्ल 20 ग्रॅमच्या वर असतं. म्हणजे भाकरीच्या कडेला चमचाभर चटणी घेतली की टोपलीभर घोळीचं काम झालं. बेळगावच्या खानावळीत ती चटणी फुकट वाढतात, दही घालून, आणि आपण ती तशीच ताटात ठेवून उठतो. ओमेगा थ्रीसाठी घोळ खायची गरज आपल्याला कधी नव्हतीच. ती चविष्ट होती, पावसाळ्यात आयती उगवायची आणि पैसे लागत नव्हते म्हणून खाल्ली. मला हे कारण सुपरफूडपेक्षा जास्त पटतं.

औषधाचे दावे तर विचारूच नका. साखर, ब्लडप्रेशर, मूळव्याध, यकृत, कातडी, एकही अवयव शिल्लक ठेवलेला नाही व्हॉट्सॲपवाल्यांनी. आयुर्वेदात हिला लोणिका म्हणतात, चीनमध्ये घोड्याच्या दातांवरून नाव आहे आणि तिकडंही ती औषधात आहे, म्हणजे जुना वापर आहे हे खरं. पण माणसांवरचे अभ्यास बघायला गेलं तर छोटे छोटे. 2011 चा एक आहे, मधुमेहाच्या 30 रुग्णांवरचा, त्यात बी दिलं होतं, रोज दोन वेळा 5-5 ग्रॅम, आठ आठवडे, आणि फरक दिसला. चांगलं आहे, पण बी वेगळं आणि भाजी वेगळी, 30 माणसं म्हणजे आमच्या गल्लीतलं एक लग्नाचं वऱ्हाडसुद्धा होत नाही. त्यावरून गोळी बंद करून घोळ चालू करणारे एक गृहस्थ मला रोज सकाळी फिरायला भेटतात. बोलून उपयोग नाही, मी आता त्यांच्याशी क्रिकेटवर बोलतो.

माझी स्वतःची अडचण वेगळीच निघाली. पाकीट आलं त्याच्या दीड महिन्यानंतर, घोळीचं नवं प्रेम ऐन भरात असताना, एका पहाटे कमरेत अशी कळ आली की मी बाथरूमच्या दारातच बसलो. मुतखडा. सोनोग्राफीत 5 मिलिमीटरचा. डॉक्टर तरुण होते, गदगकडचे, त्यांनी भरपूर पाणी प्या सांगितलं, पालक बंद, मीठ कमी, आणि दूध-दही बंद करू नका, उलट जेवणाबरोबर घ्या. मी विचारलं घोळ चालेल का. त्यांना घोळ कळेना. मी हातानं पानं दाखवली, जमिनीवर पसरते म्हणालो, शेवटी गोळी पल्ले म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, "ओ, आमच्या अज्जी मोसरू घालून करायच्या की!" मोसरू म्हणजे दही. आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, पण तुम्हाला नको, ऑक्झलेट फार.

ऑक्झलेट म्हणजे जे पालकात असतं तेच, बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, आणि घोळ ह्या बाबतीत पालकाच्या पंक्तीला बसणारी. सुपरफूडच्या पाकिटावर ह्याचा एक शब्द नव्हता. ज्यांना मुतखड्याची सवय आहे, किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळं पोटॅशियम कमी करायला सांगितलंय, किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी व्हॉट्सॲपला नाही, आपल्या डॉक्टरला विचारून मगच ही भाजी ताटात घ्यावी, एवढं मात्र मी माझी कमर हातात धरून सांगतो.

खडा पडला आठ दिवसांनी. पण डॉक्टरांच्या अज्जीचं दही माझ्या डोक्यातनं जाईना. शोधत बसलो तर न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2009 साली नेमकं हेच बघितलेलं, घोळीची पानं दह्यात कालवली की विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं, कारण दह्यातलं कॅल्शियम त्याला तिथंच बांधून टाकतं, मग ते आतड्यातनं रक्तात न जाता बाहेर जातं. उकडून पाणी फेकलं तरी कमी होतं. तुर्कस्तानात घोळ दह्यात लसूण घालून कच्चीच खातात. म्हणजे आईच्या माहेरची अथणी, डॉक्टरांचं गदग, तुर्कस्तान, सगळीकडं बायकांनी दही-ताकाचीच जोड दिलेली.

मी हे आईला उत्साहानं सांगितलं. तुला कसं सुचलं ताक घालायचं, वगैरे. माझी अपेक्षा की ती काहीतरी खोल सांगेल. ती म्हणाली, "डाळ नसायची की गा. मग ताकात करायची." एवढंच. पूर्वजांच्या ज्ञानावर माझा एक अख्खा लेख तयार होता मनात, तो तिथंच संपला.

आता ती फरशीवर पडलेली घोळ. उपटून टाकल्यावर पाच-सहा दिवस ती तशीच ताजी. भांगलणाऱ्या बायकांना हे पक्कं माहीत असतं, घोळ उपटून सरीत टाकली आणि एक सर आली की परत मूळ धरते, म्हणून ती बांधाच्या पलीकडं फेकायची असते. पानांत देठांत पाणी साठवलेलं असतं त्यावर ती फुलं पण पुरी करते आणि बी पण. ह्या चिवटपणामागं जे आहे ते मला सगळ्या जीवनसत्त्वांपेक्षा भारी वाटलं. जोंधळा, ऊस, मका ही पिकं उन्हात जोरात वाढतात कारण त्यांची अन्न बनवायची पद्धत वेगळी आहे, तिला सी-फोर म्हणतात. कोरफड, निवडुंग, अननस ह्यांची तिसरीच, ती पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात म्हणजे पाणी उडत नाही, आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. घोळ दोन्ही करते. पाणी असलं की जोंधळ्यासारखी, पाण्याची ओढ बसली की निवडुंगाची पद्धतही चालू. 2022 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ही दोन्ही कामं एकाच पेशीत, एकमेकांत गुंतून चालतात. ऊस आणि निवडुंग एका पानात, विचार करा.

आणि रात्री साठवलेलं ते आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदाला आंबटपणा येतो ते. दिवसभर उन्हात ते खर्च होतं. म्हणजे तहानलेली घोळ पहाटे जास्त आंबट लागली पाहिजे आणि संध्याकाळी कमी. हे वाचलं आणि मला राहवेना. लेकीच्या पाकिटातलं बी एव्हाना दोन कुंड्यांत उगवून आलं होतं (आणि कढीपत्त्याच्या कुंडीतली फुकटची तर केव्हाच परत रुजलेली, दोन्ही शेजारी ठेवल्या तर कुठली 149 ची ते मलाही सांगता येणार नाही). एका कुंडीला रोज पाणी, दुसरीला दहा दिवस बंद. पाऊस उघडला होता, ऑक्टोबरचं ऊन चांगलंच होतं. अकराव्या दिवशी पहाटे सहाला टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो, दोन्हीकडचं एकेक पान चावलं. खाण्याआधी एवढं एक बघावं, देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, जमिनीसरशी पसरणारं दुधी जातीचं तण पण असतं, ते तोंडात घालायचं नाही. पाणी घातलेलीचं पान हलकं आंबट. कोरडीचं मात्र चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं, दात शिवशिवले. संध्याकाळी पाचला परत त्याच कोरड्या कुंडीतलं पान, तर जवळजवळ मिळमिळीत. बायको खालून ओरडत होती काय करुलास वर, पडशील.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले महिन्यातनं एखाददुसऱ्यांदा, थोडी, दह्याबरोबर, ठीक आहे, पाणी पीत राहा. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच कोरड्या कुंडीतली सगळी घोळ खुडली. शनिवार होता, बाजारातनं एका खेडवळ बाईकडनं 20 रुपयांचा एक वाटा पण घेतला कारण कुंडीतली पुरणार नव्हती, आणि दोन्ही वेगवेगळ्या करायला लावल्या बायकोला, ती वैतागली पण केल्या. दोन्ही उकडून, पाणी टाकून, ताकात. आईला काहीच सांगितलं नाही. तिच्या ताटात दोन बाजूंना दोन वाढल्या.

आईचं माहेर अथणीकडं, कोरडवाहू भाग. 1972 च्या दुष्काळात ती माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला तिकडं होती. त्या वर्षीचं ती फारसं बोलत नाही. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातनं आलेला जोंधळा, मिळायचा, त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या, आणि जोंधळा जळून गेल्यावर रानात हिरवं म्हणून जे काय होतं त्यात घोळ होती, एवढं मी तिच्याकडनं ऐकलंय.

तिनं आधी बाजारातली खाल्ली. काही बोलली नाही, "कितीला घेतलास" एवढं विचारलं. मी पाच रुपये म्हणालो. मग कुंडीतली एक घास खाल्ली, थांबली, परत एक खाल्ली आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"हिला पाणी घातलं नव्हतास काय गा?"